आग खालीच राहिली, धूर वर गेला

३ एप्रिल २०२४, बुधवार. छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात पहाटे चारच्या सुमारास कपड्यांच्या एका दुकानाला आग लागली. पोलिसांना खबर मिळाली ती सव्वाचारला. दुकान तळमजल्यावर, घर वरती. वरच्या घरातली सात माणसं गेली, सगळी एकाच कुटुंबातली: तीन बायका, दोन पुरुष आणि दोन लहान लेकरं. पोलीस आयुक्त मनोज लोहिया यांनी त्या सकाळी जे सांगितलं, ते अजूनही मनातून जात नाही. आग दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचलीच नव्हती. प्राथमिक तपासानुसार सातही जण गुदमरून गेले होते.

ज्वाळा त्यांच्यापर्यंत आल्या नाहीत. धूर आला, आणि तो झोपेत आला.

हे घनसावंगीच्या लोकांनी वाचावं म्हणून लिहितो आहे. घनसावंगी, तीर्थपुरी, कुंभार पिंपळगाव, रांजणी, कुठल्याही बाजाररस्त्यावरून चालत गेलं तर दुकान कुठं संपतं आणि घर कुठं सुरू होतं ते कळत नाही. खाली कृषी सेवा केंद्र, किराणा, कापड, मोबाइल दुरुस्ती, वर बायकामुलं. जिना बहुतेक ठिकाणी एकच, तोही दुकानाला खेटून. छावणीतल्या घरापेक्षा ही घरं फारशी वेगळी नाहीत.

पुढच्या घटनाक्रमात ज्या वेळेपुढे गावाचं नाव आणि तारीख आहे, त्या प्रत्यक्ष घडलेल्या घटना. बाकीचे तास खाली दुकान आणि वर घर असलेल्या कुठल्याही इमारतीतले आहेत.

वीस वर्षं आधी

वायरिंग होतं तेव्हा घरात चार ट्यूब, तीन पंखे आणि एक टीव्ही असतो. स्लॅबमधल्या पाइपातून तेवढ्यापुरती तार ओढली जाते. पुढे त्याच तारेवर फ्रीज येतो, कूलर येतो, पाण्याची मोटर येते, आणि आता गाडीचा चार्जरही आला. तार तीच, बोर्डातला स्क्रू तोच.

आग कशी लागली याचं उत्तर आपल्याकडे ठरलेलं असतं: शॉर्ट सर्किट. पण शॉर्ट होण्याआधी बोर्डात कितीतरी दिवस काहीतरी शिजत असतं. बहुतेकदा तो सैल झालेला जोड असतो. समजा, त्या सैल जागेचा रोध जेमतेम अर्धा ओहम आहे आणि तिच्यातून दहा अँपिअर करंट वाहतो आहे. करंटचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे शंभर गुणिले अर्धा: पन्नास वॅट. मोबाइल दुरुस्तीवाल्याच्या हातातल्या सोल्डरिंगच्या इस्त्रीएवढी उष्णता, एका स्क्रूच्या डोक्याएवढ्या जागेत, तासन्‌तास.

एमसीबीला यातलं काही कळत नाही. ती पाडायची असेल तर करंट मर्यादेबाहेर जावा लागतो, आणि इथे करंट मर्यादेतच आहे. त्यामुळे ‘आमच्याकडे एमसीबी बसवली आहे’ या भरवशावर राहू नये. बोर्ड हात लावल्यावर कोमट लागणं, स्विचभोवतीचं प्लॅस्टिक तपकिरी पडणं, दिवा मिणमिणणं, कूलर चालू केला की खोलीत मासळीसारखा किंवा जळक्या प्लॅस्टिकचा वास येणं, या सगळ्या खुणा आधीच दिसत असतात. आपण वायरमनला बोलावतो ते बोर्ड बंद पडल्यावर.

वायरिंगच्या त्या दिवशी, पाइपातून तारा ओढल्या जात असताना, धुराच्या अलार्मसाठी आणखी एक तार खालून वरपर्यंत ओढून ठेवता आली असती. भिंती उघड्या असताना तिचा खर्च मजुरीत दिसतसुद्धा नाही. प्लास्टर झाल्यावर तेच काम भिंत फोडायचं होतं आणि मग ते राहतंच.

पाच-सहा महिने आधी

दिवाळीच्या आसपास कापूस घरात येतो. भाव वाढेल या आशेवर तो घरातच भरून ठेवायचा, ही आपल्या पट्ट्यातली रीत, आणि ज्याच्या हातात दुसरं काही नाही त्या शेतकऱ्याला तिच्यावरून बोल लावता येत नाही. पण एक खोली आढ्यापर्यंत कापसाने भरते आणि त्याच खोलीच्या भिंतीवर बोर्ड असतो. ढीग चढत चढत स्विचला टेकतो. कापसाची रीत अशी की ठिणगी पडल्यावर तो लगेच भडकेलच असं नाही. तो आत धुमसत राहतो, वरून पांढराशुभ्र दिसतो, आणि पातळ धूर सोडत राहतो. शेजारच्या खोलीत माणसं जेवून झोपी जातात.

याच काळात कधीतरी डीपीवरचा न्यूट्रल तुटतो. घरात दोनशे तीस व्होल्टच्या जागी चारशेपर्यंत दाब येतो. टीव्ही जळतो, चार्जर जळतात, त्यांची हळहळ होते. जी उपकरणं वाचली त्यांच्या आतलं इन्सुलेशन मात्र दुखावलेलं असतं, आणि ती पुन्हा वापरात येतात.

रात्री ८

शटर खाली येतं. आतला मेन स्विच चालूच राहतो, कारण आत फ्रीज आहे, कॅमेरे आहेत, चार्जर आहेत.

छावणीत आग लागली तेव्हा रमजान चालू होता आणि ईद आठ दिवसांवर होती. सणाच्या तोंडावर कपड्यांच्या दुकानांत माल वाढलेला असतो. आजच्या कापडात पॉलिएस्टर, नायलॉन भरपूर, त्यावर प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि फोमचे तुकडे. हे जळताना नुसता काळा धूर निघत नाही. कार्बन मोनॉक्साइड निघतो आणि काही प्रकारच्या कापडातून, फोममधून हायड्रोजन सायनाइडही.

त्या आगीच्या सुरुवातीच्या बातम्यांत चार्जिंगला लावलेल्या इलेक्ट्रिक दुचाकीचा संशय व्यक्त झाला होता. गाड्या वाईट आहेत असं म्हणण्याचं कारण नाही. पण लिथियमची बॅटरी बिघडली की ती स्वतःच तापत जाते, ज्वालाग्राही वायू फेकते, आणि त्या वायूपासून ज्वाळेपर्यंतचं अंतर मिनिटांचं नसतं, सेकंदांचं असतं. ती गाडी जिन्याखाली किंवा बंद दुकानात, एक्स्टेन्शन बोर्डावर, सगळे झोपलेले असताना चार्ज करू नये. माणसं जागी असतानाच्या वेळेत, कंपनीच्या चार्जरने, जिन्यापासून दूर.

रात्री १०:३०

वर अंथरुणं पडतात. उन्हाळा असेल तर जिन्याकडचं दार वाऱ्यासाठी उघडं. खिडक्यांना चोरांच्या भीतीने पक्क्या जाळ्या, वेल्डिंग केलेल्या, न उघडणाऱ्या. गच्चीच्या दाराला कुलूप, चावी कुणा एकाच्या उशाशी.

घरातल्या मोठ्यांना वाटतं, जळलेलं काही असेल तर वासाने जाग येईलच. हे खरं नाही. झोपेत वासाची जाणीव इतकी मंदावते की धुराच्या वासाने माणूस जागा होण्याचा भरवसा धरता येत नाही. कान मात्र झोपेतही काम करत राहतात. म्हणूनच धुराची सूचना नाकाला नको, कानाला मिळायला हवी.

मध्यरात्र

खालच्या बोर्डात तो स्क्रू अजून तापलेलाच आहे. भोवतीचं प्लॅस्टिक मऊ पडून काळं झालेलं. काळं पडलेलं प्लॅस्टिक कोळशासारखं वागू लागतं, थोडा थोडा करंट स्वतःतून वाहू देतं. रस्त्यावरून कुणी गेलं तरी बंद शटरबाहेर काही दिसत नाही.

२:००, भंडारा, ९ जानेवारी २०२१

जिल्हा सामान्य रुग्णालयातल्या नवजात अर्भकांच्या अतिदक्षता कक्षाला आग लागली. कक्षात सतरा बाळं होती. सात वाचवता आली, दहा गेली. राज्याचे आरोग्यमंत्री होते राजेश टोपे, घनसावंगीचे त्या वेळचे आमदार. त्या आगीनंतर राज्यभर रुग्णालयांच्या फायर ऑडिटचे आदेश निघाले. रुग्णालयाला निदान ऑडिट तरी असतं. खाली दुकान आणि वर घर अशा दुमजली घराकडे कुणी तपासायला येत नाही, आणि येईल याची वाट पाहत बसूही नये.

२:१५, वाळूज, ३१ डिसेंबर २०२३

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत हातमोजे बनवणाऱ्या कारखान्याला आग लागली. आत झोपलेले सहा कामगार गेले.

३:४५, सोलापूर, १८ मे २०२५

अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला आग. मालकाचं कुटुंब कारखान्याच्या आवारातच राहत होतं. आठ जण गेले, मालक आणि त्यांच्या घरातलं लहान बाळसुद्धा.

आता आपल्या घटनाक्रमातल्या घराकडे येऊ. पावणेचार वाजले आहेत, चार वाजायला पंधरा मिनिटं आहेत. खाली धूर झाला आहे, ज्वाळा अजून नाही किंवा नुकती उठली आहे. अलार्म वाजायची वेळ ही. ही पंधरा मिनिटं माणसांच्या हातात पडली तर सगळे चालत खाली येतात, लेकरं कडेवर, म्हाताऱ्यांना हाताला धरून.

पण कुठला अलार्म, आणि तो वाजणार कुठं?

ऑनलाइन मिळणारा बॅटरीवरचा एक छोटा अलार्म झोपायच्या खोलीत लावला, तर काहीच नसण्यापेक्षा तो कितीतरी चांगला. उद्या नको, आजच लावावा. पण खाली दुकान असलेल्या घरात त्याची एक मोठी अडचण आहे. तो वाजतो धूर त्याच्यापर्यंत आल्यावर. खोलीत धूर आला म्हणजे जिना आधीच धुराने भरलेला आहे. त्या घराला बाहेर पडायचा रस्ता तो जिनाच होता.

म्हणून धूर खाली ओळखला गेला पाहिजे आणि आवाज वर झाला पाहिजे. हे काम करतात विजेवर चालणारे, आत राखीव बॅटरी असलेले आणि एकमेकांना जोडलेले अलार्म. इंग्लंडमध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून नव्या घरांना असे विजेवरचे अलार्म सक्तीचे आहेत. दुकानातल्या अलार्मला धूर लागला की जिन्यातला, माडीवरचा, झोपायच्या खोलीतला, सगळे एकदम वाजतात. तालुक्याच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात ते बहुधा तयार मिळणार नाहीत, मागवून घ्यावे लागतील. मागवताना ‘इंटरलिंक’ची सोय आणि आतली बॅटरी आहे ना, एवढं विचारायचं. आणि ‘ऑप्टिकल’ प्रकारचा घ्यायचा, कारण धुमसणाऱ्या कापसाचा, कापडाचा, तारेच्या इन्सुलेशनचा धूर तो लवकर पकडतो.

जोडणी मात्र घरच्या घरी करायची नाही. हे परवानाधारक वायरमनचं काम. तरी घरमालकाला काही गोष्टी ठाऊक असाव्यात, कारण वायरमनलाही हे काम रोजचं नाही.

अलार्मला तीन तारा लागतात: फेज, न्यूट्रल आणि इंटरलिंक. ही तिसरी तार बॅटरीच्या तारेसारखी निरुपद्रवी समजण्याची चूक होते. तिला फेजइतकंच सांभाळायचं. इन्सुलेशन तेच, पाइप तोच, जोड डबीच्या आतच. रंग वेगळा हवा. घरात उरलेली हिरवी तार आहे म्हणून ती इंटरलिंकला वापरली, तर पुढच्या वायरमनला ती अर्थिंगची वाटेल आणि तो ती उघड्या हाताने धरेल किंवा अर्थला जोडेल. एकाने वाचवलेले चार पैसे दुसऱ्याच्या जिवावर येतात ते असे.

फेज कायमचा हवा, स्विचमधून आलेला नको. दिव्याच्या होल्डरजवळ तार हाताशी असते म्हणून तिथून फेज घेतला, तर रात्री दिवा बंद केला की अलार्मची वीज गेली. आतली बॅटरी काही दिवस ते झाकून ठेवते, मग रात्री-बेरात्री टिक टिक करायला लागते, आणि घरातलं कुणीतरी वैतागून अलार्मच उतरवून ठेवतं. प्लग लावून सॉकेटवर तर कधीच नको. आपल्या घरात रिकामा सॉकेट आणि मोबाइलचा चार्जर यांची गाठ पडायला वेळ लागत नाही.

सर्किट कुठलं घ्यायचं? कुणी अलार्मसाठी स्वतंत्र एमसीबी सुचवतात. माझं मत दिव्यांच्या सर्किटकडे झुकतं. स्वतंत्र एमसीबी पडली तर महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाही. दिव्यांची पडली तर घरात अंधार होतो आणि ती त्याच मिनिटाला उचलली जाते. गीझर, मोटर यांच्या आरसीसीबीवर मात्र अलार्म ठेवू नये. पावसाळ्यात मोटरला ओल लागली की ती पडते आणि जाताना अलार्मची वीजही घेऊन जाते. दिव्याचं सर्किट इन्व्हर्टरवर असेल तर त्या अलार्मला इन्व्हर्टरचा करंट चालतो का, ते त्याच्यासोबतच्या कागदात पाहून घ्यावं.

आतली बॅटरी कशाला, लाइट तर आता फारशी जात नाही, असं कुणी म्हणेल. लाइट गेल्यावर ती हवीच. पण खरी गरज वेगळी आहे. आग तारांमध्ये लागली तर पहिल्या काही मिनिटांत शॉर्ट होऊन मेनच पडते. नुसत्या विजेवरचा अलार्म नेमक्या त्याच मिनिटाला मुका होतो.

आता आपल्याकडची सगळ्यात अवघड गोष्ट. दुकानाचं मीटर वेगळं असतं आणि घराचं वेगळं. वायरमन साहजिकच खालचा अलार्म दुकानाच्या बोर्डातून घेईल आणि वरचा घराच्या, आणि मधे इंटरलिंकची तार ओढेल. हे करायचं नाही. तारेने जोडलेले सगळे अलार्म एकाच सर्किटवर लागतात, कारण इंटरलिंकचा इशारा त्या सर्किटच्या न्यूट्रलच्या आधाराने जातो. दोन मीटरचे न्यूट्रल वेगळे, फेजही वेगवेगळे असू शकतात. अलार्म जळतील, नाहीतर गरजेला वाजणार नाहीत. त्याहून वाईट म्हणजे दुकानाचा मेन बंद करून काम करणाऱ्या माणसाला त्या तारेतून घराची वीज बसेल. दोन वाटा आहेत. एक, सगळे अलार्म घराच्या दिव्यांच्या सर्किटवर घ्यायचे, महावितरणला विचारून, आणि दुकानातल्या अलार्मजवळ आणि दुकानाच्या मेनवर मराठीत ठळक पाटी लावायची: ‘या अलार्मची वीज वरच्या घरातून येते.’ दुसरी, रेडिओ लहरींनी जोडले जाणारे अलार्म घ्यायचे. खालचा दुकानाच्या विजेवर, वरचे घराच्या विजेवर, मधे तारच नाही. दोन मीटर असलेल्या जुन्या घराला मी दुसरी वाट सांगेन. भिंत फोडावी लागत नाही आणि न्यूट्रलचा घोळही होत नाही.

जागेचंही भान हवं. अलार्म छताला, भिंतीपासून निदान तीस सेंटिमीटर दूर. आपल्याकडे पंखा रात्रभर फिरतो आणि त्याच्या वाऱ्याने धूर अलार्मपासून बाजूला ढकलला जातो, म्हणून पात्याच्या टोकापासून नव्वद सेंटिमीटर तरी सोडावं. पत्र्याच्या खोलीत उन्हाळ्यात पत्र्याखाली गरम हवेचा थर साचतो आणि धूर त्याच्या खालीच तरंगत राहतो. तिथे अलार्म पत्र्याला चिकटवू नये, थोडा खाली घ्यावा. स्वयंपाकघरात धुराचा अलार्म लावला तर तो मिरचीच्या फोडणीला वाजणार, देवघराजवळ लावला तर धूप-अगरबत्तीला वाजणार, आणि चौथ्या दिवशी कपाटात जाणार. स्वयंपाकघरासाठी उष्णता ओळखणारा वेगळा अलार्म मिळतो, तो बाकीच्यांशी जोडता येतो. कापूस भरलेल्या खोलीत मात्र धुराचाच हवा, आणि ढीग त्याच्या खाली निदान हात-दीड हात मोकळी जागा सोडून थांबलेला हवा.

४:००, छावणी, ३ एप्रिल २०२४

दुकान पेटलं.

गरम धूर वर जातो आणि इमारतीत वर जायची सोपी वाट म्हणजे जिना. बंद दाराखालच्या फटीतून, दारावरच्या झरोक्यातून, बोर्डाच्या पाइपातूनसुद्धा तो खोलीत शिरतो. आधी छताशी थर धरतो, मग तो थर खाली उतरू लागतो.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. झोपलेला माणूस खोकत उठत नाही. झोप आणखी गाढ होते. ज्याला जाग येते त्याचे पाय साथ देत नाहीत, दाराची कडी कुठल्या बाजूला आहे ते सुचत नाही. लहान मुलांचा श्वास मोठ्यांपेक्षा जलद चालतो, म्हणून त्यांच्या अंगात हे विष लवकर भिनतं.

अमेरिकेत घरातल्या आगींवर वर्षानुवर्षं चाचण्या झाल्या आहेत. १९७० च्या दशकातल्या घरसामानात आग लागल्यापासून बाहेर पडायला सतरा मिनिटांच्या आसपास मिळत. आजच्या फोम-प्लॅस्टिकच्या सामानात ती तीन मिनिटांवर आली आहेत. लाकडाच्या पलंगावर कापसाची गादी होती तेव्हाचा आणि आताचा हा फरक आहे. त्याच देशाच्या आकडेवारीत, चालू स्थितीतला धुराचा अलार्म असलेल्या घरांत दर हजार आगींमागे होणारे मृत्यू इतर घरांच्या निम्म्याहूनही कमी आहेत.

४:१५, छावणी, ३ एप्रिल २०२४

पोलिसांना खबर मिळाली. मदत धावली. छावणी शहरात आहे, शहराला अग्निशमन दल आहे. तरीही सात जण गेले. घनसावंगी तालुक्यातल्या एखाद्या गावात हेच घडलं, तर बंब यायला लागणारा वेळ ज्याने त्याने आपल्या रस्त्यावरून मोजावा.

या घडीला कुणी जागं असेल तर त्याने काय करायचं, ते आधी ठरलेलं असलं पाहिजे. जिन्यात धूर नसेल तर सगळ्यांनी त्याच क्षणी खाली, वस्तूंसाठी कुणी मागे फिरायचं नाही. अलार्मच्या आवाजाने लहान मुलं उठतीलच असं नाही, म्हणून कुठलं मूल कुणी उचलायचं हेही ठरलेलं हवं. जिन्यात धूर भरला असेल तर त्यातून धावत खाली जायचं नाही. दार लावून घ्यायचं, फटीत ओली चादर कोंबायची, रस्त्याकडच्या खिडकीशी किंवा गॅलरीत जायचं आणि ओरडायचं. ११२ किंवा १०१ ला फोन. खालून मदतीला आलेल्यांनी पाण्याच्या बादल्या ओतण्याआधी मेन बंद करायची, नाहीतर पाण्यातून करंट लागून आणखी एक जीव जातो. खिडकीच्या जाळीला आतून उघडणारी एक झडप असती तर या घडीला तिची किंमत कळली असती. गॅरेजमधला वेल्डर ती एका दुपारात करून देतो.

५:००, चिखली, ३० ऑगस्ट २०२३

पिंपरी-चिंचवडमधल्या चिखलीत हार्डवेअरच्या दुकानाला आग लागली. दुकानातच राहणारं चौघांचं कुटुंब गेलं, आई, वडील आणि दोन मुलगे. त्या दिवशी राखीपौर्णिमा होती.

५:२०, चेंबूर, ६ ऑक्टोबर २०२४

मुंबईत चेंबूरच्या सिद्धार्थ कॉलनीत तळमजल्यावर दुकान, वर घर. नवरात्राचे दिवस. अग्निशमन दलाला खबर मिळाली पाच वाजून वीस मिनिटांनी. एकाच कुटुंबातले सात जण गेले, त्यांत लेकरंही होती.

चिखली, छावणी, चेंबूर: सव्वा वर्षाच्या आतल्या या तीन आगी. गावं वेगळी, जाती-धर्म वेगळे, दुकानातला माल वेगळा. घराची रचना एक आणि वेळ एक, पहाटे चार ते साडेपाच.

दर महिन्याच्या एक तारखेला

अलार्म बसवून झाला की दोन माणसांनी मिळून तपासणी करायची. एकाने दुकानातल्या अलार्मचं बटण दाबून धरायचं. दुसऱ्याने वर, घरात जो सगळ्यात मागच्या खोलीत झोपतो त्याच्या पलंगावर, दार लावून, पंखा पूर्ण वेगात ठेवून पडायचं. आवाज तिथे नीट आला तरच जोडणी झाली असं म्हणायचं. मग घराचा मेन बंद करून तेच पुन्हा, म्हणजे बॅटरीचीही परीक्षा होते. ज्या आजी-आजोबांना ऐकू कमी येतं त्यांच्या खोलीत वेगळा अलार्म, किंवा त्यांना उठवायला एक माणूस नेमलेला. दहा वर्षं झाली की आतला धूर ओळखणारा भाग म्हातारा होतो, अख्खा अलार्म बदलायचा. बसवल्याची तारीख त्याच्या पाठीवर मार्करने लिहून ठेवली की वाद उरत नाही. वर्षातून दोनदा, पेरणीआधी आणि कापूस घरात भरण्याआधी, त्यावरची जाळी आणि धूळ मऊ ब्रशने काढायची. कापूस भरायच्या आधीच्या तपासणीला वायरमनला बोलावून त्या खोलीतल्या बोर्डाचे स्क्रूही आवळून घ्यायचे.